सोय कुणाची?

इंग्लंडातील ब्रॉडमूर या बंदिस्त मनोरुग्णालयाचा इतिहास वाचताना मी सुरुवातीलाच थबकलो. १८६३ साली तिथे आणलेले पहिले रुग्ण म्हणजे स्त्रिया. पुरुष आले १८६४ मध्ये. पोटच्या लेकराचा जीव घेतलेल्या कितीतरी जणी त्यांत होत्या. २००७ मध्ये तिथला स्त्रीविभाग बंद झाला. आज अशी कडेकोट बंदोबस्ताची रुग्णालये तीन आहेत. पुरुषांसाठी तिन्ही, बायकांसाठी नॉटिंगहॅमशायरातले रॅम्प्टन, एवढेच. बायका थोड्या, तेव्हा एका जागी ठेवणे सोयीचे! सोय कुणाची? कॉर्नवॉलच्या टोकाहून रॅम्प्टन तीनशे मैलांपलीकडे. गावकुसाबाहेर वाढलेल्या मला हे अंतर नुसते मैलांचे वाटत नाही. शिक्षेला निदान मुदत असते; इथे अनेकींना सुटकेची तारीखच नाही. नातवंडाला घेऊन भेटीला निघालेल्या म्हातारीने तिकिटाचे पैसे दरवेळी कुठून आणायचे?