टायरमधील हवेचा दाब

टायरमधील हवेचा दाब म्हणजे वाहनाच्या टायरमध्ये भरलेल्या हवेचा बाहेरील वातावरणाच्या तुलनेत असलेला अधिक दाब होय. भारतात तो प्रामुख्याने पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचास पौंड, या एककात मोजला जातो. वाहनांच्या माहितीपुस्तिकांत बार व किलोपास्कल ही एककेही आढळतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय आणि १ पीएसआय म्हणजे सुमारे ६.९ किलोपास्कल. लहान मोटारीसाठी साधारणपणे ३० ते ३५ पीएसआय दाब सांगितलेला असतो, तर मालमोटारी व बस यांच्या टायरांत तो १०० पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो.

योग्य दाब कोणता हे मुख्यतः टायरवर येणारा भार ठरवतो. ऋतू, रस्त्याचा प्रकार आणि चालकाची सवय यांचा क्रम नंतरचा आहे. विदर्भासारख्या उष्ण प्रदेशात मात्र उन्हाळ्यात हवा कमी भरावी असा समज खोलवर रुजलेला आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून या समजाचे परिणाम अधिक गंभीर झाले आहेत.

दाब आणि भार

वाहनाचे वजन टायरचे रबर पेलते असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात वजनाचा फार मोठा भाग आत कोंडलेली हवा पेलते. टायरचा धाग्यांचा व पोलादी तारांचा सांगाडा ती हवा धरून ठेवतो. १,४०० किलो वजनाच्या मोटारीत प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किलो भार येतो. दाब ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो असेल, तर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग ढोबळमानाने १५० चौरस सेंटीमीटरचा, तळहाताएवढा असतो. संपूर्ण मोटार अशा चार तळहातांवर उभी असते.

दाब कमी झाला की हा टेकणारा भाग पसरतो आणि टायरची बाजूची भिंत अधिक वाकते. दाब जास्त झाला की तो भाग आक्रसतो, टायर मधोमध झिजतो, रस्त्यावरील पकड घटते आणि खड्ड्याचा आघात सांगाड्यापर्यंत थेट पोहोचतो. कमी दाबाच्या टायरच्या दोन्ही कडा झिजतात व मधला भाग तुलनेने शाबूत राहतो. झीज पाहूनच टायरच्या दाबाचा इतिहास सांगता येतो. अनुभवी पंक्चरवाले तो दाबमापक लावण्यापूर्वीच सांगतात.

मोटारीसाठी उत्पादकाने सुचवलेला दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर, इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. तेथे बहुधा दोन आकडे असतात, एक मोजक्या प्रवाशांसाठी व दुसरा पूर्ण भारासाठी. पुढील व मागील चाकांचे आकडेही वेगळे असू शकतात. टायरच्या बाजूवर कोरलेला ४४ किंवा ५१ पीएसआयसारखा आकडा मात्र त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो आकडा वाचून मोटारीत तेवढी हवा भरणे ही सर्रास आढळणारी चूक आहे.

टायरच्या बाजूवर भारांक व वेगचिन्हही असते. ९१ भारांकाचा टायर ६१५ किलोपर्यंत भार पेलतो. वेगचिन्ह ‘एस’ असल्यास ताशी १८०, ‘टी’ असल्यास १९० आणि ‘एच’ असल्यास २१० किलोमीटर ही मर्यादा असते. या मर्यादा योग्य दाब असतानाच लागू होतात.

थंड दाब

उत्पादकाने दिलेला आकडा थंड टायरसाठी असतो. वाहन किमान तीन तास उभे असावे किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर सावकाश चाललेले असावे, अशी थंड टायरची व्यावहारिक व्याख्या आहे. उन्हात तापलेला टायर उभ्या वाहनाचा असला तरी या अर्थाने थंड नसतो, म्हणून पहाटे किंवा सावलीत मोजणे श्रेयस्कर ठरते.

बंद जागेतील वायूचा निरपेक्ष दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. मोटारीच्या टायरबाबत याचा व्यवहारातील अर्थ असा की तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो. वेगाने धावणाऱ्या टायरमधील हवा स्वाभाविकपणे तापते आणि दाब ४ ते ६ पीएसआयने चढतो. ही वाढ टायर व वाहन यांच्या रचनेत गृहीत धरलेली असते.

गोंधळ येथेच होतो. पुरेसे अंतर धावून थांबलेल्या मोटारीच्या टायरमधील हवा ७० अंशांवर असेल आणि दाबमापक ३८ दाखवत असेल, तर पट्टीवरील ३३ हा आकडा पाहून ५ पीएसआय हवा सोडून देण्याचा मोह होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ३० अंशांवर त्याच टायरमध्ये जेमतेम २७ ते २८ पीएसआय दाब उरतो. हवा सोडली नसती, तर तो ३२ च्या आसपास, म्हणजे जवळपास योग्यच राहिला असता.

उष्णता कोठून येते

टायर दर फेऱ्याला टेकतो तेथे चेपतो आणि पुढे गेला की पूर्ववत होतो. चेपताना रबराला दिलेली ऊर्जा पूर्णपणे परत मिळत नाही. तिचा काही भाग उष्णता बनून रबरातच साठतो. रबर उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे ही उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १७ ते १८ फेरे घेते, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तितक्याच वेळा वाकतो.

हवा कमी असली की वाकणे वाढते आणि वाकणे वाढले की उष्णता वाढते. भार किंवा वेग वाढवल्यानेही तेच होते. काही काळाने निर्माण होणारी व बाहेर पडणारी उष्णता यांचा समतोल साधतो आणि तापमान स्थिरावते. योग्य दाबाच्या टायरमध्ये हा समतोल सुरक्षित पातळीवर साधला जातो. कमी दाबाच्या, जास्त भार असलेल्या टायरमध्ये तो इतक्या वर साधला जातो की रबर व पोलादी पट्टे यांचा जोड सुटू लागतो. मग नक्षीचा थर सोलला जातो किंवा बाजूची भिंत फाटते. यालाच सामान्य भाषेत टायर फुटणे म्हणतात.

चांगल्या स्थितीतील टायर नेहमीच्या दाबाच्या कित्येक पट दाब सहन करू शकतो. उन्हामुळे वाढलेल्या ५–७ पीएसआयने तो फुटत नाही. उन्हाळ्यात हवा कमी ठेवणारा चालक ज्या धोक्यापासून वाचू पाहतो, तो धोका मुळातच लहान असतो. तो ओढवून घेतो तो दुसराच आणि मोठा असतो.

नागपूरचे हवामान

नागपुरात मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या वर असते. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले. हिवाळा तुलनेने बोचरा असतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. एकाच गावात वर्षभरात ३५ ते ४० अंशांचा फरक पडणे टायरच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

जानेवारीच्या पहाटे १२ अंशांवर ३३ पीएसआय भरलेला टायर हवा न गळता मे महिन्यापर्यंत राहिला, तर ४५ अंशांच्या दुपारी तो सुमारे साडेअडतीस दाखवील. व्यवहारात असे घडत नाही, कारण टायरमधून दरमहा साधारण १ ते २ पीएसआय हवा आपोआप झिरपते. उलट, एप्रिलच्या दुपारी ४५ अंशांवर ३३ पीएसआय भरून घेतलेल्या टायरमध्ये पुढील पहाटे २७ अंशांवर ३० च्या थोडाच वर दाब असतो. त्यामुळे दुपारच्या उन्हात हवा भरून घेण्यास पर्याय नसेल, तर सुचवलेल्या आकड्यापेक्षा २–३ पीएसआय अधिक भरून दुसऱ्या सकाळी पुन्हा तपासणे योग्य ठरते.

समृद्धी महामार्ग

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग हा ७०१ किलोमीटर लांबीचा द्रुतगती महामार्ग नागपूरजवळील शिवमडका येथे सुरू होतो. त्याच्या नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. अखेरचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांना येथे प्रवेश नाही.

शहरात ताशी ४० किलोमीटरने धावणारा, २५ पीएसआय हवेचा टायर वर्षानुवर्षे तक्रार न करता चालतो. तोच टायर पाच प्रवासी व सामानासह सलग काही तास ताशी १२० ने धावू लागला की त्याची उणीव उघडी पडते. महामार्ग सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात टायर फुटून झालेल्या अपघातांची मोठी चर्चा झाली. २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गावर येणाऱ्या वाहनांच्या टायरांची तपासणी हाती घेतली व गुळगुळीत टायरांची वाहने परत पाठवली. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलीमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ही मर्यादा गाठली गेली असे समजावे.

सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यामुळे टायर फुटतात, असे अनेकदा म्हटले जाते. फिकट रंगाचे काँक्रीट काळ्या डांबरापेक्षा ऊन अधिक परावर्तित करते, त्यामुळे दिवसा ते सामान्यतः डांबराहून कमी तापते. केवळ पृष्ठभागाला दोष देऊन दाब, भार, वेग आणि टायरचे वय यांकडे दुर्लक्ष करणे सोयीचे असले, तरी बरोबर नाही.

प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडण्याची घाईही होते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याने अपघात झाल्याचे चालकाने सुरुवातीला सांगितले. परिवहन विभागाच्या अमरावती येथील प्रादेशिक कार्यालयाच्या अहवालाने मात्र टायर फुटल्याची शक्यता फेटाळली.

नायट्रोजन

नागपूरचे खासदार व केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणे बंधनकारक करण्याचा विचार मांडला होता. नायट्रोजनमुळे दाब वाढतच नाही, हा त्यानंतर बळावलेला समज चुकीचा आहे. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापमानानुसार दाब वाढण्याचे प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखे असते. नायट्रोजनचे खरे फायदे दोन आहेत. तो कोरडा असतो, त्यामुळे आतील बाष्पाचा परिणाम टळतो; आणि तो रबरातून थोडा सावकाश झिरपतो. पाच-सहा महिने दाब न तपासलेल्या नायट्रोजनपेक्षा दर पंधरवड्याला तपासलेली साधी हवा अधिक सुरक्षित असते.

ट्रॉली, ट्रेलर आणि नौका

ओढून नेल्या जाणाऱ्या वाहनांत दाबाची निवड अधिक काटेकोर असावी लागते, कारण त्यांचे टायर खचल्याचे ओढणाऱ्या चालकाला जाणवत नाही. काटोल, नरखेड व वरूड भागातील संत्र्यांच्या आणि कापसाच्या ट्रॉल्यांत ही अडचण नेहमीची आहे. ट्रॅक्टरच्या मागील मोठ्या टायरांत शेतातील पकडीसाठी मुद्दाम कमी हवा ठेवतात, कित्येकदा वजनासाठी पाणीही भरतात. ट्रॉलीच्या टायरांना हा नियम लावल्यास भरलेल्या ट्रॉलीचे टायर डांबरी रस्त्यावर लवकर तापतात.

नौका वाहून नेणारे दुचाकी ट्रेलर भारतात विरळ असले, तरी त्यांच्या दाबाचे गणित उद्बोधक आहे. नौका, इंजिन, इंधन, सामान व ट्रेलर मिळून १,२०० किलो वजन असेल आणि त्यातील सुमारे १० टक्के ओढणाऱ्या मोटारीच्या आकड्यावर येत असेल, तर प्रत्येक चाकावर ५४० किलो भार पडतो. खास ट्रेलरसाठी बनवलेल्या १४ इंची टायरच्या एका प्रचलित मापाची क्षमता ५० पीएसआयला सुमारे ८०० किलो असते. ट्रेलरच्या टायरांत बाजूवर कोरलेल्या कमाल आकड्याइतकी हवा थंड स्थितीत भरावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. मोटारीत चूक ठरणारी गोष्ट येथे बहुधा योग्य ठरते. ट्रेलरमध्ये प्रवासी नसल्याने धक्क्यांची फिकीर कमी असते आणि ताठ टायर कमी तापतो, कमी डोलतो. भार क्षमतेपेक्षा बराच कमी असल्यास उत्पादकाच्या भार-दाब तक्त्याप्रमाणे दाब कमी करता येतो.

असे ट्रेलर वर्षातील बहुतेक काळ एकाच जागी उन्हात उभे असतात. त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसत असतानाच बाजूच्या भिंतीला भेगा पडतात, आणि या अवस्थेत दाब योग्य ठेवूनही उपयोग होत नाही. टायरचे वय त्याच्या बाजूवरील चार अंकी क्रमांकावरून कळते: पहिले दोन अंक आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा.

मापन आणि स्टेपनी

भारतात पेट्रोल पंपांवर हवा विनामूल्य भरून देणे अपेक्षित असते. तेथील व पंक्चरच्या दुकानांतील दाबमापकांत आपापसांत २–३ पीएसआयचा फरक सहज आढळतो. स्वतःचा एकच दाबमापक सातत्याने वापरल्यास निदान चूक स्थिर राहते. मोजल्यानंतर झडपेवरील टोपी बसवणे आवश्यक असते, कारण झडपेत शिरलेली धूळ हळूहळू हवा गळू देते.

जादा चाकाला मराठीसह अनेक भारतीय भाषांत स्टेपनी म्हणतात. वेल्समधील लानेली गावातील स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून हे नाव आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे जादा चाके बनवली जात. २०२० मधील नियमदुरुस्तीनुसार टायर दुरुस्ती संच व दाबसूचक यंत्रणा असलेल्या, ट्यूबविरहित टायरांच्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना स्टेपनी बाळगण्यातून सूट मिळाली आहे. इतर वाहनांत स्टेपनीचा दाब इतर चाकांबरोबरच तपासावा लागतो. वर्षभर न पाहिलेली स्टेपनी बहुधा अर्धी रिकामी निघते. तिच्यात सुचवलेल्यापेक्षा थोडी अधिक हवा ठेवतात, कारण गरजेच्या वेळी रस्त्यावर हवा सोडता येते, भरता येत नाही.