दीर्घ खंडानंतर दुचाकीचा विमा : आधी विमापत्र, मग किल्ली

नोकरीसाठी आखातात किंवा जहाजावर गेलेल्या माणसाची मोटारसायकल पडवीत ताडपत्रीखाली पडून राहणे, हे गोव्यातील कित्येक घरांत नेहमीचे दृश्य आहे. कधी शस्त्रक्रियेमुळे दोन-तीन वर्षे दुचाकी सुटते, तर कधी घरात चारचाकी आल्याने स्कूटर मागे पडते. पुन्हा गाडी काढण्याची वेळ आली की बहुतेकांचे लक्ष बॅटरी, टायर आणि टाकीतील जुन्या पेट्रोलकडे जाते. विम्याची आठवण गाडी गॅरेजमधून तयार होऊन आल्यावर होते. खरा धोका असतो तो घर ते गॅरेज या विम्याविना केलेल्या प्रवासातच.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरायचे तर तृतीय पक्षाच्या जोखमीचा, म्हणजे रूढ भाषेत ‘थर्ड पार्टी’, विमा अनिवार्य आहे. त्याविना गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्याला चार हजार रुपये दंडाची तरतूद कलम १९६ मध्ये आहे. ‘वापर’ या शब्दाचा अर्थही न्यायालयांनी व्यापक लावला आहे. महामार्गालगत उलटून पडून राहिलेल्या एका पेट्रोल टँकरच्या प्रकरणात, तो जागचा हललेला नसतानाही त्याचा वापर चालूच होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मानले. अंगणातली गाडी आणि कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला लावलेली गाडी यांत म्हणूनच फरक आहे.

दंड ही या विषयातील सर्वांत लहान रक्कम होय. अपघातात कोणी दगावले वा जायबंदी झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई विमा नसलेल्या मालकाला स्वतःच्या मिळकतीतून द्यावी लागते आणि ती लाखांच्या घरात जाऊ शकते. विमा असेल तर मृत्यू वा शारीरिक इजेच्या भरपाईला मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीपुरती मात्र दुचाकीसाठी सर्वसाधारणपणे एक लाख रुपयांची मर्यादा असते.

यात वेळेला किती महत्त्व आहे, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यावरून दिसते. १९९१ सालच्या त्या प्रकरणात अपघात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी झाला आणि त्याच दिवशी २ वाजून ५५ मिनिटांनी विमा उतरवण्यात आला. तारीख एकच असली तरी न्यायालयाने विमा कंपनीला जबाबदारीतून मुक्त केले. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीचा दंडकही हेच सांगतो : हप्ता हाती आल्याखेरीज कंपनी जोखीम पत्करत नाही. एजंटाने फोनवर दिलेले ‘झालं समजा’ हे आश्वासन अपघाताच्या वेळी निरुपयोगी ठरते. विमापत्रावर संरक्षण सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते. काही कंपन्या खंडित विम्याच्या बाबतीत ते एक-दोन दिवसांनी सुरू करतात. ती ओळ वाचूनच किल्ली लावावी. गाडी सुरूच होत नसेल तर मेकॅनिकला घरी बोलवावे किंवा ती टेम्पोत घालून न्यावी.

संपला आहे तो नेमका कोणता विमा?

जुने विमापत्र कपाटातून काढून नीट वाचले, तर कधी कधी सुखद धक्का बसतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा घेणे बंधनकारक झाले. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे २०२२ साली गाडी घेऊन पुढच्याच वर्षी परदेशी गेलेल्याचा तृतीय पक्ष विमा २०२७ पर्यंत चालू असू शकतो. खंड पडलेला असतो तो दुसऱ्या भागात. सप्टेंबर २०१८ पूर्वीच्या गाडीचे विमापत्र बहुतेक वेळा वार्षिक असल्याने तिथे दोन्ही संपलेले असण्याचीच शक्यता अधिक. एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक घातला की नोंदीतील विम्याची मुदत दिसते.

तृतीय पक्ष विम्यासाठी गाडीची तपासणी लागत नाही. नोंदणी प्रमाणपत्र आणि असल्यास जुने विमापत्र एवढ्यावर तो घरबसल्या मिळतो. या विम्याचे दर केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते, कंपनीगणिक ते बदलत नाहीत. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि त्यावरील गाडीला २,८०४ रुपये असा हप्ता आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी. ३५० सीसीची म्हणून ओळखली जाणारी बुलेट प्रत्यक्षात ३४६ किंवा ३४९ सीसीची असल्याने मधल्या गटात बसते, ही तिच्या मालकांच्या सोयीची बाब.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा खंडित झाला असेल, तर कंपनी आधी गाडी पाहते. सर्वेक्षक घरी येतो किंवा छायाचित्रे व चित्रफीत मागवली जाते. गंज, जुने ओरखडे, फुटलेला आरसा यांची नोंद होते आणि त्यांची भरपाई पुढे मागता येत नाही. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत दोन पावसाळे उभ्या असलेल्या गाडीचे जे व्हायचे ते होतेच. ती झीज कोणत्याही विम्यात बसत नाही. तपासणी टाळण्यासाठी ‘मागील विमा चालू आहे’ अशी खूण करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. दाव्याच्या वेळी ही खोटी माहिती उघड होते आणि दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते.

खंडाचा आर्थिक फटका बसतो तो ‘नो क्लेम बोनस’ला. दावा न केलेल्या वर्षांगणिक २०, २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्क्यांपर्यंत जाणारी ही सवलत विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न झाल्यास शून्यावर येते. ती फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, तृतीय पक्षाच्या हप्त्यावर नाही. सवलत गाडीची नसून मालकाची असते. म्हणून परदेशी जाताना गाडी विकणाऱ्याने कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला ती लागू करता येते. दहा-बारा वर्षे जुन्या स्कूटरला मात्र हा दुसरा विमा घ्यावाच असे नाही. तिचे विमित मूल्य इतके उतरलेले असते की हप्ता आणि संभाव्य भरपाई यांचा मेळ अनेकदा बसत नाही.

मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाबाबत मात्र अशी काटकसर करू नये. तेवढ्याच रकमेचे असे संरक्षण आधीच असेल तर ते पुन्हा घ्यावे लागत नाही. चालवणाऱ्याच्या नावावर गाडी असणे आणि त्याचा परवाना वैध असणे, या त्याच्या दोन अटी आहेत. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा चालवत असेल तर हे संरक्षण त्याला मिळत नाही. वडील हयात नसतील तर गाडी वारसाच्या नावे करणे हेच पहिले काम.

परवाना आणि नोंदणी

परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले असेल तर नूतनीकरणापूर्वी वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. मुदतीनंतर मिळणारी ३० दिवसांची जुनी सवलत २०१९ च्या दुरुस्तीने गेली. वैध परवान्याविना अपघात झाल्यास न्यायालय विमा कंपनीला जखमीची भरपाई देण्यास सांगू शकते, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही कंपनीला देते.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तिला उशीर झाल्यास महिन्याला ३०० रुपये जादा शुल्काची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. दोन वर्षांच्या विलंबाचे ७,२०० रुपये होतात, म्हणजे एखाद्या जुन्या स्कूटरच्या किमतीच्या जवळ जाणारी रक्कम. दुरुस्तीवर खर्च करण्याआधी नोंदणी प्रमाणपत्रावरील तारीख पाहावी, ती याचसाठी.

पीयूसी प्रमाणपत्राविना विम्याचे नूतनीकरण करू नये, हा २०१७ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली शिथिल केला. रस्त्यावर मात्र पीयूसी लागतेच. गाडी पेट्रोलपंपावरच्या तपासणी केंद्रापर्यंत न्यावी लागत असल्याने क्रमाने विमा आधी येतो. नव्या विम्याची नोंद वाहन प्रणालीत दिसायला काही दिवस लागू शकतात. तोवर विमापत्राची पीडीएफ प्रत मोबाइलमध्ये ठेवावी आणि एक छापील प्रत सीटखाली.