रंगाखालची होडी

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु पाण्याशी त्याचे नाते जुने आहे. पैनगंगा ह्याच जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावते. जिजाऊंच्या सिंदखेड राजा ह्या जन्मगावी मोती तलाव आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये ‘रामसर’ यादीत स्थान मिळाले. आणि देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा नदी अडवून जो विस्तीर्ण जलाशय तयार झाला, त्याला त्याच तालुक्यातील मेहुणा राजा येथे जन्मलेल्या संत चोखामेळ्यांचे नाव देण्यात आले आहे. धरणे झाली, पाणी साचले, आणि पाण्यामागोमाग होड्या आल्या.

काही दिवसांपूर्वी ह्या जलाशयाच्या काठी जाण्याचा योग आला. एक तरुण उपड्या घातलेल्या जुन्या होडीला निळा रंग देत होता. होडी फायबरची होती. तिच्या बुडाशी वीतभर लांबीची चीर होती. “ही अगोदर भरणार ना?” मी सहज विचारले. हातातला ब्रश न थांबवता तो म्हणाला, “रंगानं बुजते ते, काका.” वसईच्या किनाऱ्यावर लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्या माणसाला ते उत्तर बोचले. परतीच्या वाटेवर मनात प्रश्न घोळत राहिला : होडीला रंग देणे आणि होडी दुरुस्त करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी केव्हापासून झाल्या?

पूर्वी त्या निराळ्या नव्हत्या. पवित्र शास्त्रात नोहाला तारू बांधण्याची आज्ञा झाली, तेव्हाच ते आतून आणि बाहेरून डांबराने माखण्याचीही आज्ञा झाली होती. बाळ मोशेला ज्या पेटाऱ्यात ठेवून नदीकाठच्या लव्हाळ्यांत सोडले, तोही डांबर व राळ लावलेला होता. लाकूड पाणी पिते, उन्हाने तडकते, किडीने पोखरले जाते; म्हणून लाकडी होडीला जे लावायचे ते शोभेसाठी नव्हे, तर तिचा जीव राखण्यासाठी. आपल्या किनाऱ्यावर फळ्यांच्या फटींत कापूस दाबून बसवीत; वरून राळ, डांबर, माशांचे तेल वा काजूच्या टरफलांचे तेल चोळीत. तेल पुसताना कोळ्याची बोटे प्रत्येक फळीवरून फिरत आणि कुजका भाग त्या बोटांना आपोआप सापडत असे. लेपन हीच तपासणी होती. विदर्भातील नद्यांवर एकाच खोडातून कोरलेला डोंगा चालवणाऱ्या भोई-ढीवर बांधवांनाही लाकडाचा हा स्वभाव ठाऊक होता.

अशी निगा राखली तर लाकूड किती टिकते, ह्याचे उदाहरण आपल्याच मुंबईने जगाला दिले आहे. वाडिया घराण्यातील लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या वंशजांनी येथील गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अनेक वर्षे तिचा जीर्णोद्धार चालला, तो २००१ साली पूर्ण झाला. मुंबईची ही दोनशे वर्षांहून अधिक वयाची नौका आजही तेथे पाण्यावर उभी आहे. तिचे कुजके भाग काढून नवे बसविले गेले. कुजलेल्यावर नुसता रंग फासला गेला नाही.

फायबरच्या होडीची जन्मकथा अगदी वेगळी आहे. १९३२ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यात डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांस जोडण्याची खटपट करीत होता. वितळलेल्या काचेवर हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्या अपघातातून काचतंतू विपुल प्रमाणात बनविण्याची वाट सापडली. पुढे हे तंतू पॉलिएस्टर रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून, साच्यात थरावर थर चढवून कठीण कवच तयार करता येऊ लागले. त्याच ओहायो राज्यातील रे ग्रीन ह्याने १९४२ साली अशी एक लहान नौका बनविली. युद्धानंतर हे तंत्र जगभर पसरले. आपल्याकडे कोचीनला १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होडीवर फायबरचे आवरण चढविण्याचे प्रयोग केले. हळूहळू संपूर्ण फायबरच्या होड्या आल्या. सागवान महागले होते, सुतार कमी होत चालले होते. हलकी, न कुजणारी, वाळवी न लागणारी होडी कोणाला नको असेल?

तेथेच एक गैरसमज रुजला. जी कुजत नाही तिची निगा राखावी लागत नाही, असे लोकांना वाटू लागले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटण्यात आल्या. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण घाईघाईने बनविलेल्या कित्येक होड्यांचा दर्जा हलका असल्याची चिंता जाणकारांनी तेव्हाच व्यक्त केली. बाहेरून सर्व होड्या सारख्याच चकचकीत दिसत होत्या. फायबरमध्ये बळ असते ते आतल्या काचेच्या थरांत. रंग ही केवळ कातडी. लाकडी होडी दुखणे लपवू शकत नाही, ती गळते, मऊ पडते, वास मारते. फायबरची होडी मात्र रंगाखाली आपले दुखणे लपवू शकते.

म्हणून अशी होडी नव्याने रंगवायची असेल, तर जाणते कारागीर रंगाचा डबा सर्वांत शेवटी उघडतात. प्रथम होडी पाण्याबाहेर काढून, शेवाळ खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन अनेक दिवस वाळू देतात. मग लाकडी हातोडीने बुडावर हलकेच ठोकत जातात. भरीव, टणक आवाज आला तर थर एकजीव आहेत; बद्द आवाज आला तर आत थर सुटले आहेत. कोठे फोड आलेले असतात. ते फोडल्यावर व्हिनेगरसारख्या आंबट वासाचे पाणी निघते, म्हणजे पाणी कातडीतून आत झिरपले आहे. जेथे इंजिन टांगतात, त्या मागच्या फळीत पुष्कळदा प्लायवुड असते; स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजते. ती फळी दाबून पाहिल्याशिवाय होडी चांगली म्हणू नये.

चीर सापडली की तिच्या कडा घासून लांबवर उतरत्या करतात. कवचाच्या जाडीच्या सुमारे बारा पट रुंदीचा उतार असावा, असा कारागिरांचा संकेत आहे. खड्डा नुसता लांबीने भरला तर तो पहिल्या धक्क्यासच निखळतो. जागा स्वच्छ करून काचतंतूंच्या चटईचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवितात आणि लोखंडी रुळाने दाबून आतली हवा काढतात. रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात शेकडा एक-दोन भाग हार्डनर मिसळावा लागतो. बुलढाण्याच्या वैशाखी उन्हात ते मिश्रण भांड्यातच तापून घट्ट होते, म्हणून काम सकाळच्या गारव्यात करावे. पावसाळी दमट हवेत तर करूच नये. कोबाल्टचे द्रावण आणि हार्डनर हे दोन्ही थेट एकत्र कधीही ओतू नयेत, त्यातून भडका वा स्फोट होऊ शकतो. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांत जाते, तेव्हा नाकातोंडाला चांगला मास्क हवाच. हे सारे झाल्यावर अस्तराचा रंग, आणि त्यावर वरच्या रंगाचे दोन पातळ हात. रंगालाही काम आहे : तो उन्हातील अतिनील किरणांपासून कवचाला वाचवितो. पण तुटलेले जोडणे हे त्याचे काम नव्हे.

हा सारा खटाटोप कशासाठी? कारण धरणावरच्या होडीत माणसे बसतात. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी अशी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. तो दोष वाऱ्याचा होता. परंतु समुद्रापासून दूर असलेले पाणीही किती निर्दय होऊ शकते, हे त्या दिवशी दिसले. जुलै २०२३ मध्ये बुलढाण्याच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पूर आला होता. अशा वेळी जी होडी धावून येते, तिच्या बुडाला चीर आहे की नाही, हे पुरात पाहत बसता येत नाही.

दुसरी गोष्ट, टाकलेल्या होडीची. जुना मचवा मोडला की त्याच्या फळ्या चुलीत जात किंवा मातीत मिसळत. फायबर कुजत नाही आणि वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. खडकपूर्णेच्या जलाशयात अवैध वाळूउपसा करणाऱ्या बोटी प्रशासनाने स्फोटाने उडविल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. कायद्याचे काम झाले असेल. फायबरचे तुकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहतील. तेव्हा एक होडी दुरुस्त करून दहा-वीस वर्षे अधिक चालविणे, हा पाण्यावर आणि मातीवर केलेला उपकारच होय.

जाता जाता आणखी एका होडीची आठवण होते. जानेवारी १९८६ मध्ये अवर्षणाने गालील सरोवराचे पाणी ओसरले होते, तेव्हा दोघा मच्छीमार भावांना चिखलात एक प्राचीन होडी दिसली. ती सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि पहिल्या शतकाच्या सुमाराची आहे. ती पेत्राची किंवा कोणा शिष्याची होती असे म्हणण्यास पुरावा नाही. पण प्रभू येशूच्या काळातील सामान्य मच्छीमाराची होडी कशी असे, हे ती सांगते. दहाहून अधिक प्रकारच्या लाकडांची ठिगळे तिच्यावर आहेत. मिळेल ते लाकूड घेऊन कोणी गरीब मच्छीमार तिला वर्षानुवर्षे सांधत राहिला. अगदीच निरुपयोगी झाली, तेव्हा तिचे कामाचे भाग काढून घेऊन त्याने ती सोडून दिली. दोन हजार वर्षांनी तिला चिखलातून बाहेर काढताना तिचे ठिसूळ अंग मोडू नये म्हणून संशोधकांनी तिला आधार दिला तो फायबरग्लासचा, आणि वर फोमचे वेष्टन देऊन तिला पाण्यावर तरंगत नेले.

आज जग तिच्याकडे पाहते ते तिच्या ठिगळांमुळे. रंग तर तिच्यावर उरलेलाच नाही. आपल्या किनाऱ्यावर हंगामाच्या आरंभी धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात, तेव्हा होड्या नव्या रंगात झळकत असतात. त्या रंगाआधी कोणीतरी बुडावर ठोकून पाहिलेले असते, ह्या भरवशावरच घरची माणसे निर्धास्त झोपतात. खडकपूर्णेकाठच्या त्या तरुणाला पुन्हा भेटलो, तर एवढेच सांगेन : बाळा, निळा रंग छानच आहे; पण अगोदर ती चीर भर.