जांभ्याखालचे पाणी

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो त्या रत्नागिरीत पाण्याचा इतिहास कशाला शोधायचा, असे वाचकांना वाटेल, आणि ते रास्तच आहे. उत्तर पायाखालच्या जांभ्यात आहे. हा दगड सच्छिद्र. पाणी त्यातून झिरपते, खालच्या चिकण थरावर अडते आणि सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, उतारावर झरा होऊन बाहेर पडते. मे महिन्यात सडा तव्यासारखा तापतो, तेव्हा कोणता झरा टिकतो हे ज्यांना उमगले त्यांनी तिथे बाव, म्हणजे विहीर, खणली.

पुण्याचा कात्रजचा नळ किंवा मलिक अंबरची नहर यांच्यासारखे डोळे दिपवणारे इथे काही नाही. बाव, तळे, पऱ्या (म्हणजे ओढा), पोफळीची पन्हळ एवढाच सारा संसार. घोडेबाव मात्र आवर्जून पाहावी. जनावराला थेट पाण्यापर्यंत उतरता यावे म्हणून तिला पायऱ्यांची लांब वाट काढलेली असते. चिऱ्यांची ती बांधणी पाहताना गवंड्याचे नाव कुठेच नसल्याची हुरहुर मला दर वेळी लागते.

नवख्या वाचकांनी सुरुवात नावांपासून करावी. एसटी स्थानकाचे ‘रहाटाघर’ हे नाव रोज कंडक्टरच्या तोंडी असते; त्यातला रहाट कुणाला ऐकू येत नाही. ‘पऱ्याची आळी’ म्हणतानाही पऱ्या आठवत नाही. नावावरून लगेच निष्कर्ष काढू नये, पण शोधाची दिशा जरूर ठरवावी. मग कागदांकडे वळावे: 1880चे रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटियर आणि 1876मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेचे दप्तर. शीळ आणि पानवल ही शहरासाठीची धरणे फार पुढची. जमल्यास राजापूरलाही जावे. कोदवलीचे इंग्रज अमदानीतले धरण तिथे अजून ‘सायबाचे धरण’ म्हणूनच ओळखले जाते.

पहिली फेरी मात्र मे महिन्यातच करा. श्रावणात प्रत्येक बाव भरलेलीच दिसते. काठावरच्या चिऱ्यात दोराने पाडलेल्या खाचा चाचपून पाहा. वाडीतल्या एखाद्या आजीला सोबत घ्या, आणि बाव कुणी बांधली हे विचारण्याआधी डाळ कोणत्या बावीच्या पाण्यात लवकर शिजायची ते विचारा.