जीवदानाची किंमत

भोपाळच्या साकेत नगरातील ‘एम्स’मध्ये २०२४ साली मूत्रपिंडाचे आणि जानेवारी २०२५ मध्ये हृदयाचे प्रत्यारोपण झाले. बैतूल, छिंदवाडा, बुऱ्हाणपूर या दुभाषी पट्ट्यातील मराठी घरांना ही बातमी जवळची वाटली असेल. अशा वेळी या शास्त्राच्या इतिहासातील एक फारसे न बोलले जाणारे प्रकरण आपण जाणून घ्यायला हवे.

परक्याचा अवयव शरीर स्वीकारत नाही, ही मूळ अडचण. डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले, कारण दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच आवरणे भाग होते. साठीच्या दशकात ‘अझाथायोप्रिन’ व स्टिरॉइड ही औषधे आली आणि रोपण झालेली माणसे वर्षानुवर्षे जगू लागली. आपल्याकडेही १९७१ मध्ये वेल्लोर येथे मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले.

पण प्रतिकारशक्तीकडे कामे अनेक. परक्याला हाकलणे हे त्यांतले एक. बिघडलेल्या पेशी हेरणे आणि अंगात दडून बसलेल्या विषाणूंना डोके वर काढू न देणे, हीही तिचीच कामे. पहाऱ्यावरचा शिपाई झोपवला, की पाहुण्याबरोबर चोरही आत शिरतो. साठीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. इस्रायल पेन यांनी अशा रुग्णांतील कर्करोगांची नोंदवही सुरू केली. तीतून दिसले ते चमत्कारिक होते. नेहमीच्या कर्करोगांपेक्षा लसिकाग्रंथींचे, त्वचेचे आणि ओठांचे कर्करोग तसेच एरवी अतिशय दुर्मीळ असलेला ‘कापोसी सार्कोमा’ यांचेच प्रमाण या रुग्णांत ठळकपणे वाढलेले होते.

पुढे कारणेही उलगडली. १९६४ मध्ये सापडलेला एप्स्टाइन-बार विषाणू बहुतेकांच्या शरीरात निमूटपणे राहतो. पहारा ढिला पडला की तो लसिकापेशींना बहकवतो. कापोसीमागचा विषाणू १९९४ मध्ये, तर ‘मर्केल’ नावाच्या त्वचेच्या दुर्मीळ कर्करोगामागचा २००८ मध्ये सापडला.

या कथेतील आशेचा भाग असा. १९८४ मध्ये डॉ. थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, औषधांची मात्रा कमी केल्यावर लसिकाग्रंथींच्या काही गाठी विरघळतात. २००५ मध्ये इटलीतील डॉक्टरांनी मूत्रपिंडरोपण झालेल्या पंधरा कापोसी रुग्णांचे ‘सायक्लोस्पोरिन’ बंद करून ‘सिरोलिमस’ सुरू केले. त्वचेवरचे व्रण नाहीसे झाले आणि मूत्रपिंडही टिकले. ईस्टर बेटावरच्या मातीतील जंतूपासून हे औषध वेगळे करणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल हे भारतीय वंशाचे होते.

म्हणून या इतिहासाचा धडा भीतीचा नाही, सावधपणाचा आहे. हे दुर्मीळ कर्करोग बहुतेक रुग्णांना होत नाहीत. मात्र, घाबरून गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, तर मोठ्या कष्टाने मिळालेला अवयव हातचा जातो. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. घरच्यांचे काम सोपे, पण आयुष्यभराचे: नवी गाठ, न भरणारी जखम, त्वचेवरचा जांभळा डाग किंवा रेंगाळणारा ताप दिसला, की पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, उन्हात अंग झाकून घ्यायचे आणि तब्येत कितीही ठणठणीत वाटली तरी तपासणी चुकवायची नाही. कोणा दात्याने दिलेले दान असे डोळ्यांत तेल घालूनच जपायचे असते.