विंडोज १० ची अपडेट थांबली. घरचा जुना कॉम्प्युटर भंगारात न देता लिनक्स कसं टाकायचं?

वाशिम : मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, पण सुरक्षेची नेहमीची मोफत अपडेट थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी जादा मुदत ठेवली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. पोराच्या कॉलेजसाठी घेतलेला जुना लॅपटॉप किंवा अकोल्याहून आणलेला सेकंडहँड डेस्कटॉप यात बहुतेक बसत नाही. मग दोनच रस्ते ऐकू येतात : नवीन घ्या, नाहीतर क्रॅक मारून घ्या. क्रॅक मारलेल्या विंडोजमधून व्हायरस घरात येतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड टाकला जातो.

तिसरा रस्ता लिनक्सचा. हे नाव नवीन वाटलं तरी वस्तू रोजच्या हातातली आहे. अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सचाच असतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये ते सुरू केलं, आणि ते आजही मोफत व खुलं आहे. केरळमधल्या सरकारी शाळांत सुमारे दोन दशकांपासून पोरं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. म्हणजे हे फक्त इंजिनिअर लोकांचं काम आहे, असं नाही.

कोणी टाकू नये

आधी हे पाहावं, कारण टाकल्यावर पस्तावून उपयोग नाही. टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप, आयएसएम, श्रीलिपी ही विंडोजवरची सॉफ्टवेअर आहेत. लिनक्सवर ती सरळ चालत नाहीत. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान, हिशेबाचं काम किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी कामाच्या मशीनला हात लावू नये. अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हरही बहुतेक विंडोजसाठी पाहूनच केलेले असतात. टायपिंगच्या परीक्षेची किंवा एमएस-सीआयटीची तयारी करणाऱ्यांनीही परीक्षा होईपर्यंत थांबावं.

बाकी घरगुती काम ब्राउझरमध्ये होतं. सातबारा काढणं, महाडीबीटीचा अर्ज, डिजिलॉकर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, यूट्यूब, निकाल पाहणं, हे सगळं फायरफॉक्समध्ये चालतं. पत्र आणि तक्ते लिहायला लिबरऑफिस येतं. ते वर्डच्या फाइल उघडतं; क्वचित एखादा तक्ता किंवा ओळ इकडंतिकडं सरकते.

सोयाबीन एकच, वाण वेगळे

लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्यांना डिस्ट्रो म्हणतात. पीक सोयाबीनचंच, पण कोणी जेएस ३३५ पेरतं तर कोणी फुले संगम, तसा हा प्रकार आहे. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत आणि यूट्यूबवर रोज नवी ‘सर्वांत भारी’ निघते. पहिल्यांदा टाकणाऱ्यानं त्या नादी लागू नये.

घरासाठी लिनक्स मिंट बरं. विंडोजसारखीच खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. म्हाताऱ्या माणसालाही दोन दिवसांत सवय होते. त्याचे तीन प्रकार मिळतात : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन घ्यावं. चार जीबी किंवा कमी असेल तर एक्सएफसीई, ते हलकं आहे. मिंटच्या म्हणण्याप्रमाणे कमीत कमी दोन जीबी रॅम चालते, पण दोन जीबीवर ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या की मशीन धापा टाकते. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. विंडोजचाच चेहरा हवा असेल तर झोरिन ओएस आहे. त्याची १८ वी आवृत्ती विंडोज १० संपलं त्याच दिवशी बाहेर आली. आपल्या सी-डॅकनं केलेलं ‘बॉस’ हेही डेबियनवर आधारलेलं लिनक्सच आहे. ते सरकारी कार्यालयं डोळ्यांपुढं ठेवून केलेलं आहे. घरी अडचण आली की उत्तर शोधायला मिंटची मदत जास्त सापडते.

मशीन ६४-बिट आहे का, हे आधी पाहावं. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’च्या ‘अबाउट’मध्ये ‘एक्स६४-आधारित प्रोसेसर’ असं लिहिलेलं असेल तर काम होतं, मग आतली विंडोज ३२-बिटची असली तरी. खरंच ३२-बिट प्रोसेसर असेल तर त्याच्यावर मेहनत घेऊ नये. डेबियननंही ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीत अशा मशीनसाठीचं इन्स्टॉलर बंद केलं.

आणखी एक. जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्डडिस्क असेल तर लिनक्स टाकूनही ती सावकाशच चालणार. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी एसएसडी बसवावी. फरक तिथं दिसतो.

तीन जीबीची फाइल, दीड जीबीचा पॅक

मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची असते. रोज दीड-दोन जीबीचा पॅक असलेल्याला ती एका दिवसात उतरत नाही. टॉरेंटनं डाउनलोड केलं तर आज अर्धं, उद्या अर्धं असं करता येतं. मधे लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. फाइल मिंटच्या मूळ साइटवरूनच घ्यावी आणि चेकसमचा आकडा जुळवावा. रुफस या सॉफ्टवेअरमध्ये चेकसम काढायचं बटण असतं. हे फुकटचं काम वाटतं, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी मिंटच्या साइटमध्ये घुसून लोकांच्या गळ्यात चोरवाट ठेवलेली फाइल मारली होती.

त्याच रुफसनं ती फाइल आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह यासाठी घेऊ नये.

आधी चालवून पाहावं

लिनक्सचा मोठा फायदा असा की न टाकता चालवून पाहता येतं. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबावं. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. मिंट थेट पेनड्राइव्हवरून उघडतं आणि हार्डडिस्कला हात लागत नाही. अशा वेळी थोडं हळू चालतं, त्यावरून मत बनवू नये.

इथं घाई न करता अर्धा-एक तास द्यावा. आवाज येतो का, कॅमेरा लागतो का, टचपॅड बरोबर आहे का, प्रिंटर सापडतो का, हे तपासावं. काही जुन्या लॅपटॉपचं वायफाय पहिल्या झटक्यात लागत नाही. तेव्हा मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावं; इंटरनेट बहुतेक लगेच येतं, आणि मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो. एचपीचे पुष्कळ प्रिंटर लावताच चालतात. आपल्याकडं घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र त्रास देतो. त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो.

जुन्या डेस्कटॉपची तारीखच मागं गेलेली असेल तर एकही साइट धड उघडत नाही, सुरक्षेचा इशारा येत राहतो. दोष लिनक्सचा नसतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणसेल संपलेला असतो. घड्याळाच्या दुकानात मिळतो.

टाकताना

सर्वांत मोठा धोका इथं आहे. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला की त्या डिस्कवरचं विंडोज, फोटो, खरेदीखताचे स्कॅन, सगळं जातं, आणि विचारून परत येत नाही. म्हणून आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करावी आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावी. लोक डेस्कटॉप कॉपी करतात आणि ‘डाउनलोड्स’ विसरतात. पोरांच्या शिष्यवृत्तीची कागदं नेमकी तिथंच पडलेली असतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही लिहून घ्यावेत.

विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचा पर्यायही असतो. मशीन सुरू करताना दोन्हींतलं एक निवडायचं. टॅलीसारखं एखादंच काम अडत असेल तर हे सोयीचं, फक्त त्या विंडोजवर इंटरनेट चालवू नये. लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवावी. बॅकअप या वाटेनंही लागतोच.

लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी, डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असावा. फायली उतरत असताना लाइट गेली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. भाषा विचारली जाते तेव्हा यादीत मराठी असते, पण सुरुवातीला इंग्रजी ठेवलेलं बरं. अडचण आली की इंग्रजी सूचना जशीच्या तशी शोधता येते. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवावा. विसरला की घरातलं कोणी सोडवू शकत नाही.

मराठी टायपिंग

बरेच लोक इथंच अडतात. मराठी वाचायला काही करावं लागत नाही. रेड हॅट कंपनीनं खुला केलेला लोहित हा देवनागरी फाँट किंवा गूगलचा नोटो वापरून अक्षरं नीट दिसतात. लिहायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’मध्ये जाऊन भारतीय यादीतून निवड करावी. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारनं ठरवलेली मांडणी आहे, डावीकडं स्वर आणि उजवीकडं व्यंजनं. महिनाभर हात बसवावा लागतो, पण नंतर वेग चांगला येतो. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्यांनी ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधून आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज घ्यावं. त्यात मराठी संकेतस्थळांमुळं ओळखीची झालेली ‘गमभन’ पद्धतही आहे.

खरा घोळ जुन्या फायलींचा होतो. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटमध्ये टाइप केलेला ग्रामसभेचा ठराव किंवा बचत गटाचा अर्ज लिनक्समध्ये उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या फाँटमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना वरून मराठी चेहरा देतो. विंडोज पुसण्याआधी फाँटच्या फायली कॉपी करून ठेवल्या आणि मिंटमध्ये बसवल्या तर मजकूर पुन्हा वाचता येतो. कायमचा उपाय म्हणजे फाँट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून तो युनिकोडमध्ये आणणं. त्यात जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, म्हणून सातबाऱ्याचे गट नंबर आणि नावं डोळ्यांखालून घालावीत. पुढचं सगळं लिखाण युनिकोडमध्येच केलं तर ते मोबाइलवरही उघडतं.

पहिल्या दिवशी दोन कामं करावीत. ‘अपडेट मॅनेजर’ चालवावं आणि ‘टाइमशिफ्ट’मध्ये एक नोंद घेऊन ठेवावी, पुढं काही बिघडलं तर मशीन त्या दिवसाच्या स्थितीत परत नेता येतं. टाइमशिफ्ट सिस्टिम वाचवतं, घरचे फोटो नाही. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर लागतेच. आणि कोणी व्हिडिओत सांगितलं म्हणून काळ्या खिडकीत न समजलेली कमांड चिकटवू नये, विशेषतः ‘सुडो’नं सुरू होणारी, तिला मशीनवरचं काहीही पुसायची मुभा असते.