नाव घेण्याआधी : सांगडीपासून कयाकपर्यंत



भिगवण-इंदापूर पट्ट्यातल्या आपल्या गटांत कर्जाचा विषय निघाला की शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी ही नावे ठरलेली असतात. आता त्यांत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे कयाक. घरातल्या पोरांनी मोबाइलवर पाहिलेली, रंगीत प्लॅस्टिकची, एका माणसाने बसून वल्हवायची लांबट नाव. तिच्यात बसून गळाने मासे धरतात. मग बैठकीत प्रश्न येतो, पहिलीच नाव आहे, तर कोणती घ्यावी?

या प्रश्नाचे उत्तर दुकानदार देईल, पण तो त्याच्याकडे असलेली नाव चांगली म्हणेल. म्हणून आज आपण थोडे मागे जाऊ. माणसांनी आपली पहिली नाव कशी निवडली, ते पाहू. त्या इतिहासातच आपले उत्तर आहे.

सुरुवात आपल्याच नदीपासून करू. धरणे होण्याआधी भीमा आणि नीरा या पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्या होत्या. उन्हाळ्यात उताराच्या जागी पायी नदी ओलांडता यायची. पावसाळ्यात मात्र तरीशिवाय पर्याय नसे. ही तर चालवणारे, मासे धरणारे लोक म्हणजे भोई आणि कोळी समाज. पाण्याचे ज्ञान त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते. कुठे भोवरा आहे, कुठे खडक आहे, कोणत्या वाऱ्यात नाव सोडायची नाही, हे पोरांना लिहायला येण्याआधी कळायचे.

ज्याच्याकडे नाव नाही, तो सांगड वापरायचा. वाळलेले भोपळे किंवा पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचे ओंडके एकत्र बांधले की सांगड झाली. दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या, तर तिलाही सांगडच म्हणत. आपण आजही बोलताना ‘दोन गोष्टींची सांगड घालणे’ म्हणतो, तो शब्द पाण्यावरचा आहे. एक होडी डुलते, पण दोन बांधल्या की उलटत नाहीत. हे शहाणपण आपल्या भाषेतच मुरलेले आहे.

कोकणात हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने केली. तिथली लहान होडी अरुंद असते. मग तिच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्या बांधून त्यांच्या टोकाला लाकडाचा एक तरंगता ओंडका लावतात. त्याला उलांडी म्हणतात. होडी कलायला लागली की उलांडी तिला सावरते. आपल्याकडे ऊसपट्ट्यात पूर आला की गुळाची काहील पाण्यात उतरवून माणसे पलीकडे नेली जात. काहील गोल, पसरट आणि बुडाला सपाट, म्हणून ती तरंगते. पण वल्हे मारले की गरगर फिरते आणि एका कडेला वजन पडले की पाणी आत घेते. अडीनडीला ती कामी आली, पण रोजच्या धंद्याला कोणी काहील निवडली नाही.

आता कयाककडे वळू. हा शब्द आपल्यापासून फार लांबचा आहे. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का या बर्फाच्या मुलखात इन्युइट नावाचे लोक राहतात. तिकडे झाडे उगवत नाहीत म्हटले तरी चालेल. समुद्राने वाहून आणलेले लाकूड आणि हाडे यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, अशी ती नाव. पुरुष सांगाडा बांधत आणि कातडे शिवण्याचे काम बायकांचे होते. टाका असा घालायचा की सुई कातड्याच्या आरपार जाणार नाही, म्हणजे भोकच पडणार नाही आणि पाणी आत येणार नाही. ते पाणी इतके गार की त्यात पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. म्हणजे घरधन्याचा जीव बाईच्या टाक्यावर होता. त्या लोकांची आणखी एक मोठी उघडी नाव होती, उमियाक नावाची. ग्रीनलंडमध्ये तिला बायकांचीच नाव म्हणत, कारण मुलेबाळे आणि सामानसुमान घेऊन बायकाच ती वल्हवत.

ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे ती कयाकच्या मापाची. ती बाजारातून आणत नसत. ज्याची नाव, त्याच्याच अंगाच्या मापाने बांधत. लांबी साधारण तीन वाव. वाव म्हणजे काय, ते विहिरीचा दोर मोजणाऱ्या आपल्या आजीला माहीत होते. दोन्ही हात पसरले की एक वाव. रुंदी कमरेएवढी आणि वर दोन मुठी. इतकी अरुंद नाव भरभर जाते आणि आवाज करत नाही, म्हणून सील मारायला चांगली. पण ती सहज उलटते. उलटलेली नाव आत बसल्या बसल्या पुन्हा सरळ करण्याची कला त्यांची मुले लहानपणापासून शिकत. ती कला नसेल, तर ती नाव कामाची नाही.

पुढे ही नाव युरोपात गेली. १९०७ साली जर्मनीतल्या रोझेनहाइम गावच्या योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने घडी घालून नेता येईल अशी कापडी कयाक बनवायला घेतली. इथेही पुन्हा शिवणकामच आले. नंतर फायबरच्या कयाक आल्या आणि १९७० च्या दशकापासून प्लॅस्टिकच्या. आपल्या घरावरची पाण्याची टाकी जशी साचा तापवून, फिरवून एकसंध बनवतात, तशीच ही नाव बनते. ती आपटली तरी सहसा फुटत नाही आणि गंजत नाही. हौशी लोकांसाठी ती रुंद झाली. आत पाय घालून बसण्याऐवजी वर बसायची जागा आली. मासे धरणाऱ्यांनी तिच्यावर गळाची काठी ठेवायच्या खोबण्या आणि मासळीच्या पेटीची जागा करून घेतली.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले आणि १९८० साली ते पूर्ण झाले. भिंत माढा तालुक्यात आहे, पण पाणी इंदापूर, करमाळा, दौंड आणि कर्जतपर्यंत पसरले. या यशवंतसागर जलाशयात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्याखाली गावे गेली. जुन्या पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की अजून दिसते. ज्यांची शेती गेली, त्यांतल्या काहींनी जाळे हातात घेतले. भोई आणि कोळी कुटुंबांचा तर हा धंदाच होता. रोहू, कटला, मृगळ, वाम, मरळ आणि मूळची आफ्रिकेतली चिलापी, अशी मासळी भिगवणच्या बाजारात येऊ लागली. लाकडाच्या, पत्र्याच्या आणि पुढे फायबरच्या नावा आल्या. ज्याला नाव परवडत नाही, तो थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळे टाकतो. कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला लोक येऊ लागले, तेव्हा त्याच नावांनी पर्यटकही नेले.

पण नदीचे ज्ञान धरणाला जसेच्या तसे लागू पडत नाही. नदीचा काठ जवळ असतो. उजनीच्या फुगवट्यावर काही ठिकाणी पलीकडचा काठ दिसतो न दिसतो. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की वळवाचे वादळ कधी येईल, सांगता येत नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन लहान लेकरे होती. एक जण पोहत काठाला लागला. ती काही कयाक नव्हती, त्या नावेपेक्षा कयाक लहान असते. म्हणून कयाकचा अर्ज आला की आम्ही आधी जीव राखण्याचे बोलतो, मग पैशाचे.

तर मैत्रिणींनो, या साऱ्या इतिहासातून एकच गोष्ट निघते. नाव अंगाला आणि पाण्याला मापून घ्यायची. इन्युइट शिकाऱ्याची अरुंद नाव त्याला चालली, कारण त्याला ती उलटून सरळ करता येत होती. आपल्या शिकाऊ माणसाला सांगडीचे शहाणपण हवे. म्हणून पहिल्या नावेची निवड अशी करा.

पहिली गोष्ट रुंदीची. वर बसायची कयाक घ्या, आत पाय घालायची नको. वर बसायच्या नावेत आलेले पाणी तिच्या भोकांतून आपोआप खाली जाते आणि माणूस पडला तरी पुन्हा चढता येते. रुंदी ७५ ते ९० सेंटिमीटर असावी, लांबी १० ते १२ फूट. लांब आणि अरुंद नाव पळते जोरात, पण शिकाऊ माणसाला पळायचे नसते, टिकायचे असते.

दुसरी गोष्ट वजनाची. कंपनी जे वजन लिहिते, त्याच्या दोन तृतीयांशच धरा. समजा, नाव १५० किलोची आहे. म्हणजे आपला हिशेब १०० किलोचा. बसणारी बाई ५५ किलो, गळ आणि सामान १० किलो, पेटी आणि प्यायचे पाणी १० किलो. राहिले २५ किलो, तेवढीच मासळी. त्यावर लोभ केला, तर कडेने पाणी येणारच.

तिसरी गोष्ट उचलण्याची. अशी नाव २५ ते ३५ किलोची असते. उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि काठापासून चिखलातून चालावे लागते. दोघींना ती उचलता येते का, ते दुकानातच उचलून बघा.

चौथी गोष्ट धंद्याची. जाळ्यावर घर चालणार असेल, तर कयाक तुमच्या कामाची नाही. ओले जाळे एका बाजूने ओढताना अरुंद नाव कलते. त्यासाठी दोघे बसतील अशी सपाट बुडाची रुंद नावच हवी. कयाक गळासाठी, काठाजवळच्या पाण्यासाठी आणि जोडधंद्यासाठी ठीक आहे.

बारामतीकडच्या मैत्रिणींनी एवढे ऐका. वाहत्या कालव्यात कोणतीच नाव घालू नका. शेततळ्यात मासे सोडले असतील, तर तिथे नावेची गरजच नाही. तिथे धोका आहे तो प्लॅस्टिकच्या कागदाचा. त्यावर पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठाला गाठी मारलेला दोर पक्का बांधून पाण्यात सोडा आणि हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवा. नावेच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

आणि पाचवी गोष्ट, जी खरे तर पहिली आहे. लाइफ जॅकेट आधी, नाव नंतर. जॅकेट अंगाच्या मापाचे हवे. पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढा. कानापर्यंत सरकले, तर ते मोठे आहे. गळ्यात एक शिट्टी बांधा. मग कमरेएवढ्या पाण्यात, दोघे-तिघे शेजारी उभे असताना, मुद्दाम नाव उलटवा आणि पुन्हा वर चढा. न दमता पाच वेळा चढता आले, तरच काठ सोडायचा. वळवाच्या दिवसांत सकाळी जायचे आणि दुपारच्या आत परतायचे.

कागदाचेही बोलू. जलाशयात मासेमारीला परवाना लागतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पण कोणती नाव त्यात बसते, हे खरेदीच्या आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या, पावती हातात आल्यावर नको.

शेवटी एक गोष्ट. आपल्याकडे नाव पुरुषाच्या नावावर असते आणि कर्ज बाईच्या नावावर. मासळी विकायला बाजारात बसते तीही बाईच. इन्युइट बायकांनी शिवलेल्या टाक्यावर जर घरचा माणूस समुद्रात जात होता, तर आपल्या बचतीवर जी नाव येणार, ती निवडताना आपण काठावर उभे राहायचे कारण नाही. नाव ज्या घरात येणार, तिथल्या बाईने ती आधी पाण्यात बसून पाहावी.

पुढच्या बैठकीत नावेसाठी कर्जाचा अर्ज आला, तर इतिवृत्तात दोन ओळी लिहा. कर्जाच्या रकमेत घरातल्या प्रत्येक पाण्यात जाणाऱ्या माणसाचे जॅकेट धरले आहे का? आणि अर्जदार ताई त्या नावेत बसून, उलटून, पुन्हा चढली आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर सही करा.

पुढच्या भागात मासळी ताजी ठेवण्यासाठी बर्फाचा हिशेब कसा करायचा, ते बोलू.